बायबलचा अभ्यास स्वतः कसा करावा: रूथच्या पुस्तकापासून सुरुवात

नंदुरबार, नवापूर, धुळे किंवा भुसावळ येथील ख्रिस्ती घरांत भिंतीवर जी वचने लावलेली दिसतात, त्यांत यिर्मयाच्या २९व्या अध्यायातील ११वे वचन बहुधा असतेच. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असे परमेश्वर त्यात सांगतो. दहावीच्या परीक्षेला निघालेल्या मुलीला, नोकरीसाठी सुरतेला चाललेल्या तरुणाला, नव्या घराच्या प्रार्थनेला जमलेल्या कुटुंबाला हेच वचन दिले जाते, आणि देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्याच अध्यायाच्या पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले, तर हे वचन मुळात कोणाला आणि कोणत्या प्रसंगी सांगितले गेले ते कळते, आणि मग ते पूर्वीइतके सोपे राहत नाही.

तो अध्याय म्हणजे यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेतून बाबेलला पाठवलेले एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाचा राजा यहोयाखीन, त्याची आई, सरदार आणि कारागीर यांना पकडून नेले होते. त्यानंतर यरुशलेमेत हनन्या नावाचा संदेष्टा उघडपणे सांगू लागला की दोन वर्षांच्या आत सारे लोक माघारी येतील. खुद्द बाबेलातही लोकांना आवडेल असेच बोलणारे संदेष्टे होते. यिर्मयाने अगदी उलट लिहिले. घरे बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, कारण सत्तर वर्षे भरल्याशिवाय परतणे नाही. हिताच्या संकल्पांचे ११वे वचन या सत्तर वर्षांच्या १०व्या वचनाला लागून येते. ते पत्र ऐकणाऱ्यांपैकी जो चाळिशीचा होता, त्याला आपली माती बाबेलातच होणार हे त्याच क्षणी कळले असणार, आणि तरीही त्याला आशा धरायला सांगितले जात होते. असे वाचल्यावर ते वचन भिंतीवरून काढावे लागत नाही. उलट ज्याची नोकरीच लागली नाही, ज्याचा आजार बरा झाला नाही, त्यालाही ते आता देता येते.

बायबलचा अभ्यास म्हणजे काय, हे या एका उदाहरणात बरेचसे आले. मजकूर मला काय सांगतो, हा प्रश्न विचारण्यापूर्वी तो मुळात काय सांगतो, कोणाला सांगतो आणि आधी-नंतरच्या मजकुराशी त्याचा धागा कसा जुळतो, हे पाहण्याची सवय लावून घेणे म्हणजे अभ्यास. रोज सकाळी एक वचन वाचून मनन करणे ही चांगली गोष्ट आहे. तथापि वर्षानुवर्षे मनन करूनही एखादे संपूर्ण पुस्तक काय म्हणते हे सांगता न येणारे पुष्कळ लोक आपल्या मंडळ्यांत आहेत. यात त्यांचा दोष थोडाच आहे. कॅलेंडर, मोबाइलवर येणारे रोजचे वचन आणि रविवारचा उपदेश या तिन्ही ठिकाणी आपल्याला बायबल तुकड्यांनीच मिळत आले आहे.

त्या तुकड्यांना जे आकडे चिकटलेले असतात, तेही मूळ लेखकांनी दिलेले नाहीत. आज जी अध्यायांची विभागणी वापरली जाते, तिचे श्रेय १३व्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेल्या स्टीफन लँगटन या धर्मगुरूला दिले जाते, आणि नव्या करारातील वचनांचे आजचे क्रमांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१च्या ग्रीक आवृत्तीत प्रथम छापले. संदर्भ शोधायला हे आकडे फार सोयीचे आहेत, पण ते कधीकधी भलत्याच जागी पडले आहेत. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सृष्टीचे सहा दिवस येतात आणि सातवा दिवस दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या तीन वचनांत जाऊन पडतो. लग्नात हमखास वाचला जाणारा प्रीतीचा अध्याय, म्हणजे १ करिंथचा १३वा, हा आत्मिक दानांवरून मंडळीत चाललेल्या चढाओढीविषयीच्या १२व्या आणि १४व्या अध्यायांच्या मधोमध आहे. वधूवरांची तेथे कोणाला आठवणही नाही. म्हणून अभ्यासाला बसताना अध्याय आणि वचन यांच्या रेघा मनातल्या मनात पुसून टाकाव्यात आणि परिच्छेद जिथे खरोखर संपतो तिथे थांबावे.

हे काम पाळकांचे आहे, सामान्य माणसाचे नाही, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. तिला आदराची बाजू आहे हे खरे, पण खुद्द बायबलचा तिला फारसा आधार नाही. प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये बिरुया गावच्या लोकांची प्रशंसा केली आहे ती याचसाठी, की पौलाने सांगितलेले वचन त्यांनी उत्सुकतेने ऐकले आणि ते तसेच आहे की नाही हे शास्त्रात दररोज शोधून पाहिले. पौलासारख्याचे बोलणे पडताळून पाहणे हा उद्धटपणा ठरला नाही, तर आपल्या गावच्या पाळकांनाही त्यात वावगे वाटण्याचे कारण नाही. शिवाय पश्चिम खानदेशात एकेका पाळकाकडे अनेक गावे असतात. आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही कमी वेळा, त्यांची गाठ पडते. मधल्या दिवसांत वाचकाला आपल्या पायांवर उभे राहावे लागतेच.

मराठीत तर ही परंपरा जुनी आहे. मराठी नवा करार १८११ मध्ये श्रीरामपूर येथे छापला गेला (हे बंगालमधले श्रीरामपूर, नगरकडचे नव्हे), आणि त्यानंतर शतकभराने पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनात राहून संपूर्ण बायबल पुन्हा मराठीत आणले. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. जुना करार मुख्यतः हिब्रूत आणि काही थोडा अरामी भाषेत लिहिलेला आहे, नवा करार ग्रीकमध्ये. आणि साध्या, कमी शिकलेल्या बायकांना बायबल आपल्या आपण वाचता यावे हा रमाबाईंचा आग्रह होता. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि त्यांचे भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांनी हिब्रू शिकावे असे कोणी म्हणणार नाही. घरात असलेले एक मराठी बायबल, एक वही आणि एक पेन एवढ्यावर पुष्कळ दूर जाता येते.

सुरुवात कोठून करावी? उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सरळ वाचत जाण्याचा संकल्प नववर्षाच्या उपासनेत पुष्कळजण करतात, आणि बहुतेकांची गाडी निर्गमच्या उत्तरार्धात, निवासमंडपाच्या मापांपाशी, किंवा फार तर लेवीयात अडते. संपूर्ण वाचन कधीतरी करावेच, पण अभ्यासाची सुरुवात त्याने करू नये. एक लहान, पूर्ण पुस्तक घ्यावे. खानदेशातल्या वाचकाला माझी शिफारस रूथची आहे. चार अध्याय आहेत, मोठ्याने वाचले तरी पंधरा-वीस मिनिटांत संपतात, आणि दुष्काळ, पोटासाठी सोडलेले गाव, कापणी, खळे, विधवेचे जिणे आणि भाऊबंदकीतली जमीन यांपैकी काहीही आपल्याला समजावून सांगावे लागत नाही.

पहिल्या दिवशी काहीही न लिहिता ते संपूर्ण पुस्तक एका बैठकीत वाचावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावे. तिसऱ्या वाचनाला वही उघडावी आणि जे दिसते तेवढेच लिहावे. माणसे कोण आहेत, ती कोठून कोठे जातात, किती काळ जातो, कोण कोणाशी काय बोलते, कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतो. 'यातून आपण शिकतो की' अशा शब्दांनी सुरू होणारे एकही वाक्य या टप्प्यावर वहीत येऊ देऊ नये. हे वाटते त्यापेक्षा अवघड आहे, कारण प्रवचने ऐकून ऐकून आपला हात बोधाकडे आपोआप वळतो.

असे वाचले की काय दिसते, ते थोडे जवळून पाहू. पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पाच वचनांत दुष्काळ पडतो, बेथलेहेमचा अलीमलेख आपली बायको नामी आणि दोन मुलगे यांना घेऊन मृत समुद्राच्या पूर्वेकडील मवाब देशात जातो, तेथे तो मरतो, मुलगे मवाबी मुलींशी लग्न करतात, दहा वर्षे जातात आणि दोन्ही मुलगेही मरतात. दहा वर्षे आणि तीन मृत्यू पाच वचनांत. पुढे मात्र कथा सांगणारा एकदम पावले आखडतो. नामी आणि तिच्या दोन सुना, अर्पा आणि रूथ, यांचे रस्त्यातले बोलणे तो दहाबारा वचने सविस्तर सांगतो. दुसरा अध्याय बहुतांशी एका दिवसाचा आहे, तिसरा एका रात्रीचा, आणि चौथ्याचा मोठा भाग वेशीतल्या एका बैठकीचा. लेखक कोठे धावतो आणि कोठे रेंगाळतो, एवढे जरी टिपले तरी त्याला काय महत्त्वाचे वाटते ते हाती लागते. त्याला दुष्काळाची कारणे सांगायची नाहीत, मृत्यूंची चिकित्साही करायची नाही. त्याचे लक्ष या बायकांच्या बोलण्यावर आणि त्यांनी घेतलेल्या निर्णयांवर आहे.

आता पुनरावृत्ती पाहावी. रूथ सासूबरोबर बेथलेहेमला येऊन राहिली तरी लेखक तिला पुन्हा पुन्हा 'मवाबी रूथ' म्हणतो. तिचे मूळ वाचकाला आधीच ठाऊक आहे. तरी त्याची आठवण दर थोड्या वेळाने दिली जाते, म्हणजे ते विसरू नये असा लेखकाचा हेतू दिसतो. दुसरी गोष्ट. नामी गावच्या बायकांना म्हणते की मी भरलेली गेले आणि परमेश्वराने मला रिकामी परत आणले (१:२१). ती हे बोलत असताना रूथ शेजारी उभी आहे, आणि नामीला ती हिशेबात धरावीशी वाटत नाही. पुढे तिसऱ्या अध्यायात रूथ खळ्यावरून सहा मापे सातू घेऊन येते आणि सांगते की शेताचा मालक आणि अलीमलेखाचा नातलग बवाज म्हणाला, सासूकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस (३:१७). चौथ्या अध्यायात त्याच गावच्या बायका नामीला सांगतात की ही सून तुला सात मुलांपेक्षा अधिक आहे (४:१५). पहिल्या अध्यायातल्या तक्रारीला शेवटच्या अध्यायात असे उत्तर मिळते, पण दोन्ही ठिकाणे वहीत एकाखाली एक लिहिली नाहीत तर ते नजरेतून निसटते.

आणखी एक निरीक्षण फार थोडे लोक करतात. या पुस्तकात माणसे परमेश्वराचे नाव सतत घेतात, आशीर्वाद देतात, तक्रार करतात. पण परमेश्वराने अमुक केले असे लेखक स्वतःच्या तोंडून जवळजवळ सांगतच नाही. परमेश्वराने आपल्या लोकांना अन्न दिल्याचे नामीच्या कानी आले, असे १:६ मध्ये आहे, आणि त्याच्या कृपेने रूथ गरोदर राहिली, असे ४:१३ मध्ये. मधल्या भागात रूथ 'योगायोगाने' बवाजाच्या शेतात पोचते. असा लेखक योगायोग म्हणतो तेव्हा त्याला काय सुचवायचे असेल, हा प्रश्न वहीत लिहून ठेवण्यासारखा आहे. उत्तर लगेच लिहिण्याची घाई नको.

निरीक्षण पुरेसे झाले की अर्थाकडे वळावे, आणि अर्थ लावताना पहिली मदत बायबलकडूनच घ्यावी. बहुतेक छापील बायबलांत समासात किंवा पानाच्या तळाशी संदर्भ वचने दिलेली असतात. ती शोभेची नसतात. रूथ शेतात सरवा वेचायला जाते, तेव्हा लेवीय १९:९-१० आणि अनुवाद २४:१९-२१ काढून पाहावे. शेताच्या कडेचे पीक पूर्ण कापू नये, राहिलेली पेंढी आणायला मागे फिरू नये, ते परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी ठेवावे, असा तेथे नियम आहे. रूथ परदेशीही आहे आणि विधवाही. आपल्या भागात ज्वारी-बाजरीची कापणी किंवा भुईमुगाची काढणी झाल्यावर गरीब बाया सरवा वेचायला जातात तेव्हा ती शेतमालकाची मर्जी असते. तो हाकलूनही देऊ शकतो. इस्राएलात शास्त्राने तो गरिबाचा वाटा ठरवला होता. तरीही रूथ परवानगी मागते, आणि तिला हात लावू नका असे बवाजाला गड्यांना बजावावे लागते (२:९). शास्त्रात हक्क आणि शेतात धोका, असे दोन्ही त्या अध्यायात आहे. शहादा-तळोद्याकडून ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या बायकांना यावर टीकाग्रंथाची गरज पडणार नाही.

त्या दिवशी रूथने झोडपून काढलेले धान्य एक एफा भरले, असे २:१७ सांगते. मराठी बायबलाच्या मागे वजन-मापांचा तक्ता असतो, तो पाहावा. एफा म्हणजे अंदाजे २२ लिटरचे माप, तेव्हा ते सातू बारा-तेरा किलोच्या आसपास गेले असतील. सरव्यात एका दिवसात एवढे मिळत नाही. नामीने ते पाहिल्याबरोबर आज कोठे वेचलेस असे का विचारले, ते मापाचा अर्थ कळल्यावर आपोआप उलगडते. कापणी सातूची आहे, म्हणजे तिकडचा वसंत, साधारण एप्रिल. तिच्या पाठोपाठ गव्हाची कापणी येते, आणि २:२३ मध्ये दोन्ही कापण्या संपल्याचे सांगितले आहे. म्हणजे रूथ काही आठवडे बवाजाच्या शेतात येत होती आणि तरीही लग्नाची गोष्ट कोणी काढली नव्हती. तिसऱ्या अध्यायात नामीला खळ्याची योजना का आखावी लागली, त्याचा अंदाज यावरून येतो.

आपला अनुभव असा उपयोगी पडतो, आणि तोच फसवूही शकतो. चौथ्या अध्यायात बवाज जमीन सोडवतो आणि रूथशी लग्न करतो, तेव्हा आपल्याकडच्या पाटाच्या, म्हणजे विधवेच्या पुनर्विवाहाच्या, रीतीशी ते जुळवून पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा. तेथे दोन वेगळे नियम पार्श्वभूमीला आहेत. लेवीय २५:२५ प्रमाणे गरिबीने विकलेली वतनाची जमीन जवळच्या नातलगाने सोडवायची असते, आणि अनुवाद २५:५-१० प्रमाणे निपुत्रिक मेलेल्या भावाच्या विधवेशी त्याच्या भावाने लग्न करायचे असते, ते मृताचे नाव इस्राएलातून पुसले जाऊ नये म्हणून. बवाज हा रूथचा दीर नाही, त्यामुळे दुसरा नियम त्याला जसाच्या तसा लागू होत नाही, आणि हे दोन्ही येथे नेमके कसे एकत्र आले यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. असा मतभेद समोर आला की तोही वहीत नोंदवावा; प्रत्येक गाठ आपल्याच हातून सुटली पाहिजे असे नाही. जी गाठ सुटते ती मात्र पाहावी. बवाजाहून जवळचा एक नातलग आधी जमीन घ्यायला तयार असतो, आणि रूथशी लग्नही करावे लागेल हे कळताच आपल्या वतनाचे नुकसान होईल म्हणून माघार घेतो. ज्या पुस्तकाचा शेवट नावांच्या वंशावळीने होतो, त्यात या माणसाचे नाव एकदाही येत नाही.

त्या वंशावळीत रूथचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय आणि त्याचा दावीद आहे. येथे अनुवाद २३:३ उघडून ठेवावे, कारण मवाबी माणसाने परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये असे ते वचन म्हणते. राजा दाविदाची पणजी मवाबी होती, हे लेखक लपवत तर नाहीच, उलट दर थोड्या वेळाने सांगतो. मग मत्तय १:५ काढावे. येशूच्या वंशावळीत ज्या मोजक्या स्त्रियांची नावे आहेत, त्यांत रूथ आहे. लेखक 'मवाबी' हा शब्द एवढा का घोळवतो, या आधी पडलेल्या प्रश्नाला आता उत्तर मिळू लागते, आणि ते आपण स्वतः शोधलेले असते.

बाहेरची साधने यानंतर यावीत. शब्दसूची, बायबल कोश, नकाशा, एखादे मराठी विवरण, शक्य असल्यास दुसरे एखादे भाषांतर. मोबाइलवरील ॲपमध्ये प्रचलित मराठी आवृत्ती आणि सोप्या मराठीतील आवृत्ती शेजारी शेजारी पाहता येते. विवरण आधी वाचले तर आपल्याला तेच दिसू लागते जे विवरणकाराला दिसले, आणि स्वतःच्या डोळ्यांचा अभ्यास तेथेच थांबतो. यूट्यूबवरच्या प्रवचनांबाबत तर मी अधिक कडक राहीन. जो वक्ता एका वचनावरून दुसऱ्या पुस्तकातल्या वचनावर उडी मारतो आणि मधला मजकूर कधीच वाचून दाखवत नाही, त्याच्याकडून उत्साह मिळेल, पण अभ्यासाची सवय लागणार नाही.

अर्थ हाती आला की नाही, हे तपासण्याची एक युक्ती खानदेशातल्या वाचकाला फार सोयीची आहे. आपण उपासनेत प्रमाण मराठी वाचतो आणि घरात अहिराणी, मावची किंवा भिली बोलतो. वाचलेला परिच्छेद बायबल मिटून आपल्या घरच्या बोलीत आजीला सांगून पाहावा. 'दुष्काय पडना म्हनीसन बायको-पोरेस्ले लिसन तो मवाबमा गया' असे सांगताना जिथे जीभ अडते आणि नाइलाजाने पुस्तकी शब्द घ्यावा लागतो, तिथे आपल्याला अर्थ कळलेला नसतो, केवळ शब्द पाठ असतात. 'उद्धारक', 'वतन', 'करार' या शब्दांपाशी पुष्कळजण असे अडतील. तेवढी ठिकाणे पुन्हा अभ्यासावीत.

आता राहिले आचरण, ज्याच्याकडे आपण सहसा सर्वांत आधी धावतो. रूथवरचा ठरलेला उपदेश सर्वांनी ऐकलेला आहे: सुनांनी रूथसारखे सासूच्या आज्ञेत राहावे. सासवांना हा उपदेश आवडतो यात नवल नाही. पण पहिला अध्याय समोर ठेवून पाहा. नामी दोन्ही सुनांना माघारी जा असे सांगते. ते ऐकते अर्पा. सासूचे न ऐकता तिच्याबरोबर जाते ती रूथ. आणि अर्पा गेली म्हणून लेखक तिला एका शब्दानेही दोष देत नाही. आज्ञाधारकपणाचा तो उपदेश या प्रसंगात बसत नाही, हे दोन मिनिटांत दिसते. मजकुराला धरून आचरण शोधायचे, तर प्रश्न वेगळे निघतात: आपल्या शेतात, कारखान्यात, मंडळीत परगावाहून आलेली एकटी बाई सुरक्षित आहे का? शास्त्राने घालून दिलेल्या किमान मापापेक्षा बवाज जास्त करतो, तसे आपण कोठे करू शकतो? दुःखात बुडालेल्या माणसाला शेजारी उभे असलेले माणूस दिसत नाही, हे आपल्या घरात घडते आहे का? असे एखादे उत्तर निघाले की ते नाव, गाव आणि दिवस घालून लिहावे. 'मी अधिक प्रेमाने वागेन' हे वाक्य वहीत शोभते, पण सोमवारी त्याचे काय करायचे ते कळत नाही.

कथेसाठी ही रीत चालते. बायबलमधले सगळेच साहित्य कथा नाही. प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके आहेत, कॅथोलिक बायबलात ७३, आणि त्यांत कायदे, कविता, सुभाषिते, पत्रे, भविष्यवाणी असे अनेक प्रकार आहेत. प्रत्येकाला त्याच्या चालीने वाचावे लागते. स्तोत्रांत एकच विचार दोन ओळींत दोन तऱ्हांनी येतो. आकाश देवाचा महिमा सांगते, असे १९व्या स्तोत्राची पहिली ओळ म्हणते आणि लगेच अंतरिक्ष त्याचे हस्तकौशल्य दाखवते अशी जोड येते. तेथे आकाश आणि अंतरिक्ष यांतला फरक शोधत बसू नये. नीतिसूत्रे हा जगाच्या रहाटीचा अनुभव आहे, प्रत्येक घराला दिलेली हमी नव्हे. मुलाला योग्य मार्गाचे शिक्षण दे, म्हणजे वृद्धपणीही तो त्यापासून फिरणार नाही, हे २२:६ वाचून ज्या आईबापांचा मुलगा बिघडला त्यांना दोषी ठरवणारे लोक नीतिसूत्रांचा प्रकारच ओळखत नाहीत, आणि त्याच ग्रंथसंग्रहातले, निर्दोष माणसावर आलेल्या दुःखाचे ईयोबाचे पुस्तकही विसरतात. पत्र वाचताना ते कोणत्या अडचणीमुळे लिहिले गेले ते आधी शोधावे. फिलेमोनाला लिहिलेले पत्र फक्त २५ वचनांचे आहे, त्यावर हा सराव उत्तम होतो. प्रकटीकरण मात्र नवशिक्याने शेवटी ठेवावे. जुन्या करारातले दानीएल, यहेज्केल आणि जखऱ्या ओळखीचे झाल्याशिवाय त्यातली चित्रे समजत नाहीत, आणि न समजता सांगितलेल्या प्रकटीकरणाने कितीतरी साध्या माणसांची झोप उडवली आहे.

स्वतः अभ्यास करणे म्हणजे एकट्यानेच करणे, असा अर्थ घेऊ नये. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये रथात बसून यशया वाचणाऱ्या कूशी अधिकाऱ्याला सुवार्तिक फिलिप्प विचारतो, वाचता ते समजते का? तो म्हणतो, कोणी मार्ग दाखवल्याशिवाय कसे समजेल? पण त्याने पुढे विचारलेला प्रश्न पाहा: संदेष्टा हे कोणाविषयी बोलतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी? हा वाचलेल्या माणसाचा प्रश्न आहे. मदत येण्यापूर्वी त्याने मजकुरात नेमकी अडचणीची जागा शोधून ठेवली होती, म्हणून फिलिप्पाला तेथूनच सुरुवात करता आली. आपली वहीही त्यासाठीच असते. पाळक गावात येतील तेव्हा 'रूथवर काहीतरी सांगा' असे न म्हणता, बवाज दीर नसताना त्याने ते लग्न का केले, असे विचारता येते. घरच्या प्रार्थनासभेत चार-पाच जणांनी तोच अध्याय आधी वाचून आणला, तर प्रत्येकाला वेगळे काहीतरी दिसलेले असते. आणि ज्या अर्थापर्यंत आजवर कोणीच पोचले नाही अशा अर्थाला फक्त आपणच पोचलो असे वाटू लागले, तर तो बहुधा चुकीचा असतो.

रूथला तीन-चार आठवडे द्यावेत. कपाशीची वेचणी चालू असेल तर त्याहून जास्त लागले तरी हरकत नाही. पुढे योना घ्यावा, तोही चारच अध्यायांचा, आणि त्याचा शेवट प्रश्नाने होतो. त्यानंतर मार्ककृत शुभवर्तमान. सोळा अध्याय आहेत, आणि एखाद्या रविवारी दुपारी दीड तासात ते मोठ्याने वाचून होते. फिलिप्पैकरांस पत्र घ्याल तेव्हा ४:१३ वर येण्यापूर्वी ४:११ आणि ४:१२ वाचून घ्यावीत, कारण 'मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे' हे पौल बंदिवासातून लिहितो आणि त्या 'सर्वकाही'त उपाशी राहणेही येते.